स्कॅनला होकार द्या, पण पुरावा म्हणून नव्हे

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून)

स. न. वि. वि.

आम्ही गेली बारा वर्षे कॅनडातील एडमंटन शहरात राहतो. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती अडीच वर्षांची असताना आम्ही तिला येथेच दत्तक घेतले. तिच्या जन्मदात्रीने गरोदरपणात दारू घेतली होती अशी नोंद कागदपत्रांत होती, परंतु बाळ गुटगुटीत आणि हसरे होते, त्यामुळे त्या नोंदीचा अर्थ तेव्हा आम्हाला फारसा उमगला नाही. गेल्या वर्षी येथील तज्ज्ञांच्या पथकाने सविस्तर चाचण्या करून तिला फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजेच एफएएसडी (गर्भात दारूचा संपर्क आल्यामुळे होणारा विकार), असल्याचे सांगितले. ती प्रेमळ आहे, गाणी चटकन पाठ करते. परंतु काल पाठ झालेला पाढा तिला आज आठवत नाही, घड्याळाचा आणि पैशांचा हिशेब लागत नाही आणि ठरलेला बेत ऐन वेळी बदलला की ती अर्धा-अर्धा तास रडते.

आता येथील काही संशोधकांनी एका अभ्यासात सहभागी होण्याविषयी विचारले आहे. तिच्या मेंदूचा एमआरआय दोनदा, दोन वर्षांच्या अंतराने, काढला जाईल. माझे यजमान तयार आहेत. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणतात, "पोरीच्या डोक्याला कशाला यंत्रं लावता? जुनं उकरून काय हाती लागणार?" दिरांचे म्हणणे वेगळेच आहे. दिवाळीत पुण्याला येणारच आहात, तर इथेच एक एमआरआय काढून टाका, रिपोर्ट नॉर्मल आला की शंका मिटली, असे ते सांगतात. मुलीने आमचे बोलणे ऐकले आणि रात्री मला विचारले, "आई, माझा मेंदू खराब आहे का?" मला उत्तर देता आले नाही. हा स्कॅन करावा का? त्यातून तिच्याविषयी नक्की काय कळेल?

— एक आई, एडमंटन

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या मुलीची तयारी असेल तर संशोधकांच्या अभ्यासाला होकार द्या, आणि पुण्यात एमआरआय काढण्याचा बेत मात्र सोडून द्या. ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध वाटतील, कारण यंत्र एकच, मेंदूही एकच. तरीही दोन्ही ठिकाणी त्या यंत्राला विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो, आणि तुमच्या घरातील सगळा गोंधळ त्या फरकाकडे लक्ष न गेल्यामुळे झालेला आहे. मुलीने विचारलेल्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण त्याचे उत्तर देण्याआधी हे स्कॅन काय पाहू शकतात आणि काय पाहू शकत नाहीत हे तुमच्या मनात स्पष्ट असायला हवे.

आधी दिरांच्या सल्ल्याविषयी. रुग्णालयात किंवा खासगी केंद्रात जो नेहमीचा एमआरआय काढतात, त्याच्या चित्रांवरून रेडिओलॉजिस्ट मुख्यतः डोळ्यांनी पाहून रिपोर्ट लिहितात. गाठ आहे का, रक्तस्राव झाला आहे का, मेंदूतील पाणी वाढले आहे का, एखादा भाग जन्मतःच तयार झालेला नाही का, असे त्यांचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे ते उत्तम देतात. गर्भात असताना दारूचा संपर्क आलेल्या मुलांच्या मेंदूत आढळणारे फरक बहुतेक वेळा या जातीचे नसतात. ते आकारमानात थोडे कमी-जास्त असणे, तंतूंची बारीक रचना थोडी वेगळी असणे अशा स्वरूपाचे असतात, आणि एका मुलाचे चित्र समोर धरून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून निदान पक्के असलेल्या पुष्कळ मुलांचाही रिपोर्ट "नॉर्मल" असाच येतो. तुमच्या मुलीचाही बहुधा तसाच येईल, आणि त्याने शंका मिटणार नाही, उलट एक नवे संकट उभे राहील. काही वर्षांपूर्वी एक जोडपे असा रिपोर्ट असलेला लिफाफा घेऊन माझ्याकडे आले होते. तो रिपोर्ट त्यांनी मोठ्या आनंदाने शाळेत दाखवला होता, आणि त्या दिवसापासून मुलाला मिळणारा जादा वेळ आणि वेगळी बसण्याची जागा बंद झाली होती, कारण मेंदू ठीक आहे म्हणजे मुलगा आळशी आहे असा अर्थ शाळेने काढला होता. तो मुलगा आळशी नव्हता. एका कागदाने त्याचे दोन वर्षांचे नुकसान केले, आणि तो कागद खोटाही नव्हता. त्याला जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचे उत्तर म्हणून तो वाचला गेला होता.

तुमच्या मुलीचे निदान मुळात स्कॅनवर उभे नाही, हेही दिरांना सांगा. कॅनडात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूच्या कार्याची दहा क्षेत्रे तपासली जातात. त्यांत हालचालींचे कौशल्य, बुद्धी, भाषा, शालेय प्रगती, स्मरणशक्ती, अवधान, नियोजन आणि आवेगांवरील ताबा, भावनांचे नियमन, दैनंदिन व सामाजिक वागणूक ही नऊ क्षेत्रे आहेत, आणि मेंदूची रचना हे दहांपैकी केवळ एक आहे. गरोदरपणातील दारूची खात्रीलायक नोंद आणि यांपैकी किमान तीन क्षेत्रांत गंभीर अडचण एवढ्यावर निदान होऊ शकते. तुम्ही सांगितलेल्या पाढ्यांच्या, पैशांच्या आणि बदललेल्या बेतांच्या अडचणी याच क्षेत्रांत मोडतात, आणि त्या एखाद्या चित्रात उमटल्या नाहीत म्हणून नाहीशा होत नाहीत. उद्या तिला झटके येऊ लागले, एका बाजूला अशक्तपणा जाणवला किंवा आलेले कौशल्य ती गमावू लागली, तर तिचे डॉक्टर स्वतःहून एमआरआय सांगतील आणि तो एका दिवसाचाही उशीर न करता काढायला हवा. तशी परिस्थिती आज नाही.

मग संशोधक तेच यंत्र वापरून काय शोधतात? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६८ मध्ये फ्रान्समधील नांत येथे पॉल लमवान या बालरोगतज्ज्ञांनी दारूच्या आहारी गेलेल्या पालकांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, पण ते फ्रेंचमध्ये होते आणि फार कोणी त्याची दखल घेतली नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तोच नमुना स्वतंत्रपणे ओळखला आणि त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असे नाव दिले. लहान डोळे, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ, पातळ वरचा ओठ आणि खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे होती. त्यानंतर कित्येक वर्षे मेंदूत काय झाले आहे हे केवळ शवविच्छेदनातून पाहता येत होते, म्हणजे ज्या अर्भकांची अवस्था इतकी वाईट होती की ती जगलीच नाहीत, त्यांच्याच मेंदूवरून उरलेल्या सर्व मुलांविषयी अंदाज बांधले जात होते. जी मुले जगली, शाळेत गेली, पाढ्यांपाशी अडली आणि ज्यांच्या चेहऱ्यावर काहीच खूण नव्हती, त्यांच्या मेंदूविषयी कोणालाही काही सांगता येत नव्हते, आणि अशीच मुले संख्येने कितीतरी अधिक आहेत. एमआरआय आल्यावर हे बदलले. १९९०च्या दशकात सॅन दिएगो येथे एडवर्ड रायली, सॅरा मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत, चालत्याबोलत्या मुलांचे मेंदू मोजायला सुरुवात केली. सरासरीने संपूर्ण मेंदूच लहान भरला. पण सगळे भाग सारखे लहान नव्हते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा तंतूंचा पूल, डोक्याच्या मागे खालच्या बाजूस असलेल्या 'लहान मेंदू' या भागाचा मध्य आणि सवयी व नियोजन यांच्याशी संबंधित असलेली खोलवरची काही केंद्रे यांवर परिणाम अधिक होता. ज्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते अशा मुलांच्या मेंदूतही हे फरक आढळले, आणि माझ्या मते या तंत्राने आजवर दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे: चेहरा पाहून "हिला काही झालेले नाही" असे म्हणणे त्याने कायमचे अशक्य केले.

तुम्ही ज्या शहरात राहता त्या एडमंटनचा या कामातील वाटा मोठा आहे. अल्बर्टा विद्यापीठात ख्रिश्चन बोल्यू, कॅथरीन लबेल, कार्मेन रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग नावाची पद्धत एफएएसडी असलेल्या मुलांसाठी वापरली. नाव अवघड आहे, पण कल्पना सासूबाईंनाही लगेच कळेल. मळ्यात पाटाचे पाणी सोडले आणि पाटाच्या कडा घट्ट असल्या की पाणी पाटाच्या दिशेनेच पुढे जाते. कडा ढासळलेल्या असल्या की ते आजूबाजूला झिरपते आणि पसरते. मेंदूतील पांढऱ्या भागात तंतूंच्या जुड्या असतात आणि त्यांच्यात पाण्याचे कण सतत हलत असतात. तंतू नीट, दाट आणि आवरणयुक्त असतील तर ते कण तंतूंच्या दिशेने अधिक सरकतात. हे यंत्र त्या सरकण्याची दिशा आणि प्रमाण मोजते आणि त्यावरून पाटांच्या अवस्थेचा अंदाज देते.

या पद्धतीने २०१० मध्ये त्यांनी ५ ते १३ वर्षांच्या, एफएएसडीचे निदान झालेल्या २१ मुलांचे गणितातील गुण आणि तंतूंची मापे एकमेकांशी ताडून पाहिली. डाव्या बाजूच्या पार्श्व (परायटल, म्हणजे टाळूच्या मागच्या बाजूच्या) भागातील, लहान मेंदूतील आणि मेंदूच्या देठातील काही ठिकाणच्या मापांचा गणिताशी संबंध दिसला. डाव्या पार्श्व भागाचा संख्यांशी असलेला संबंध इतर संशोधनातूनही माहीत आहे, त्यामुळे हा निष्कर्ष हवेतला नाही. तुमच्या मुलीला गाणी पाठ होतात आणि पाढे होत नाहीत याचे कारण तिच्या मनाचा हट्ट नसून मेंदूच्या जडणघडणीत असू शकते, असे म्हणायला या अभ्यासाने आधार दिला, आणि तो आधार स्कॅनच्या आधी कोणापाशी नव्हता.

तुमच्या मुलीला दोनदा का बोलावतात, याचेही उत्तर याच गटाच्या कामात आहे. एकदाच काढलेले चित्र म्हणजे धावत्या मुलाचा एक थांबलेला क्षण. मूल कुठे आहे ते कळते, कुठे चालले आहे ते कळत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी एफएएसडी असलेल्या १७ आणि नसलेल्या २७ मुलांचे, ५ ते १५ या वयात, प्रत्येकी दोन ते तीन स्कॅन दोन ते चार वर्षांच्या अंतराने काढले. एकूण ९२ स्कॅन झाले. कपाळामागील भागाला मेंदूच्या मागच्या भागांशी जोडणाऱ्या काही प्रमुख जुड्यांमध्ये एफएएसडी असलेल्या मुलांचा बदलाचा वेग इतरांपेक्षा वेगळा, किंबहुना अधिक होता. याचा अर्थ त्यांनी असा लावला की या तंतूंची वाढ उशिरा सुरू होते आणि पुढे चालू राहते. त्याहून मला मोलाचे वाटले ते असे, की ज्या मुलांच्या तंतूंमध्ये हा बदल अधिक झाला, त्यांच्या वाचनात आणि शब्दज्ञानात सुधारणाही अधिक झाली. लॉस एंजेलिस, सॅन दिएगो आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथील मुलांवर झालेल्या आणखी एका दीर्घकालीन अभ्यासात उलट बाजू दिसली: सर्वसामान्य मुलांमध्ये मेंदूच्या बाह्य थराचे आकारमान वाढत्या वयात आधी वाढते आणि मग कमी होते, परंतु दारूचा मोठा संपर्क आलेल्या मुलांमध्ये हा चढउतार तितका ठळक नव्हता. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की एवढे म्हणता येते की गर्भात झालेला परिणाम हा एकदाच पडलेला आणि तसाच राहिलेला डाग नव्हे. वाढण्याची रीतच त्याने बदललेली असते, आणि ती वाढ नऊ वर्षांच्या मुलीत अजून चालू आहे.

आता या कामाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, कारण त्या न सांगता तुम्हाला होकार द्यायला लावणे योग्य होणार नाही. वरचे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. दोन गटांच्या सरासरीत फरक असला तरी त्यांतील मुले एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एखाद्या मुलाचे माप पाहून ते कोणत्या गटातले, हे सांगता येत नाही. सिअ‍ॅटलमध्ये फ्रेड बुकस्टाइन आणि ॲन स्ट्राइसगुथ यांच्या गटाला तर असे आढळले होते की गर्भात दारूचा संपर्क आलेल्या प्रौढांमध्ये तो जोडणारा पूल सरसकट बारीक नव्हता. काहींचा बारीक, काहींचा उलट जाड होता, आणि नेहमीपेक्षा वेगळे ठरत होते ते त्याच्या आकारातील हे विलक्षण वैविध्य. असे असताना एका मुलीच्या पुलाची जाडी मोजून तिच्या भविष्याविषयी काही सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये.

दुसरी मर्यादा हालचालीची आहे. स्कॅनच्या वेळी डोके थोडेही हलले तर चित्र किंचित पुसट होते, आणि अशा चित्रांवरून संगणकाने काढलेली बाह्य थराची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. चंचल मुले अधिक हलतात. म्हणजे मुलाचा चंचलपणाच मेंदूच्या पातळ थराचे सोंग घेऊन येऊ शकतो, आणि काळजीपूर्वक काम करणारे संशोधक म्हणूनच हललेली चित्रे बाजूला काढतात किंवा हालचालीचा हिशेब धरतात. तिसरी गोष्ट म्हणजे दारू एकटी येत नाही. तिच्याबरोबर धूम्रपान, अपुरा आहार, गरिबी, मारहाण, आणि मूल जन्मल्यावर एका घरातून दुसऱ्या घरात झालेली त्याची फिरवाफिरव हे सगळे अनेकदा येते, आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट वाढत्या मेंदूवर परिणाम करते. तुमची मुलगी पहिली अडीच वर्षे कुठे, कोणापाशी होती याविषयी संशोधक तुम्हाला कंटाळा येईल इतके प्रश्न विचारतील. ती चौकशी नाही, ते प्रामाणिक संशोधनाचे लक्षण आहे. न विचारणाऱ्यांपासूनच सावध राहायला हवे.

सासूबाईंच्या शब्दांकडे येतो. "जुनं उकरून काय हाती लागणार" यात मला विरोधापेक्षा भीती अधिक दिसते, आणि ती भीती रास्त आहे. मेंदूचे चित्र समोर आले की कोणाला तरी दोषी धरावेसे वाटते, आणि या गोष्टीत दोष देण्यासाठी सर्वांत सोपी व्यक्ती म्हणजे तिची जन्मदात्री, जी उत्तर द्यायला समोर नाही. म्हणून दोन गोष्टी त्यांना जरूर सांगा. पहिली अशी, की दारू वारेतून सहज पलीकडे जाते, गर्भाच्या यकृताला ती मोडून काढण्याची पुरेशी ताकद नसते आणि गर्भजलात ती रेंगाळते. त्यामुळे गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यावर मेंदूला इजा पोहोचू शकते, आणि तो टप्पा कधीकधी फार लवकरचा असतो. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवले की चेहऱ्यावरील त्या विशिष्ट खुणा गर्भधारणेच्या सातव्या दिवशीच्या दारूमुळे निर्माण होतात. माणसात हा काळ साधारण गर्भधारणेनंतरचा तिसरा आठवडा होय; तेव्हा पाळी जेमतेम चुकलेली असते आणि पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची कल्पनाही नसते.

दुसरी गोष्ट केप टाउनच्या परिसरातील आहे. तेथील द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग दारूच्या रूपात देण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. कायद्याने बंदी आल्यावरही तिने लावलेले व्यसन त्या वस्त्यांमधून गेले नाही, आणि या विकाराचे जगात नोंदवले गेलेले सर्वाधिक प्रमाण त्याच भागातले आहे. तेथील मुलांच्या मेंदूंच्या चित्रांत जे दिसते, त्याची सुरुवात त्या आयांच्या जन्माच्याही आधी, मळ्याच्या मालकाने पेला भरला तेव्हा झालेली आहे. तुमच्या मुलीच्या जन्मदात्रीची कहाणी काय होती हे मला ठाऊक नाही, पण स्कॅन तिच्याविषयी काहीही सांगणार नाही. किती दारू, कोणत्या महिन्यात, कोणत्या दुःखात, यांपैकी कशाचेही उत्तर त्या चित्रात नसते. ते चित्र तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून घरात कधीही वापरले जाणार नाही, असा शब्द तुम्ही उभयतांनी एकमेकांना आधीच द्यावा असे मला कळकळीने वाटते. मुलगी मोठी होत आहे, आणि जन्मदात्रीविषयी या घरात कोणत्या सुरात बोलले जाते हे ती ऐकत आहे.

यंत्राविषयीची सासूबाईंची भीती मात्र दूर करता येण्यासारखी आहे. एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखा किरणोत्सर्ग नसतो. चुंबक आणि रेडिओलहरी यांवर ते चालते. आवाज मोठा असतो, म्हणून कानांना संरक्षण देतात. शरीरात धातूची काही वस्तू, एखादे बसवलेले उपकरण असेल तर ते आधी सांगावेच लागते. अशा संशोधनात मुलांना सहसा गुंगीचे औषध किंवा शिरेतून रंगद्रव्य देत नाहीत, पण गृहीत धरू नका, संमतिपत्रात ते स्पष्ट लिहिलेले आहे का हे पाहा, आणि लिहिलेले नसेल तर विचारा. बहुतेक ठिकाणी सरावासाठी खऱ्या यंत्रासारखाच दिसणारा आणि आवाज करणारा, पण चुंबक नसलेला एक सांगाडा ठेवलेला असतो. तुमच्या मुलीला बदललेला बेत सोसत नाही, तेव्हा सरावाशिवाय तिला थेट खऱ्या यंत्रात नेऊ देऊ नका. आदल्या आठवड्यात एकदा सराव, त्या दिवशी काय-काय कोणत्या क्रमाने होणार याची चित्रे काढलेला कागद, आणि आत असताना लावायचे गाणे तिनेच निवडलेले, एवढे केलेत तर निम्मे काम झाले.

संमतिपत्रातील आणखी तीन जागा नीट वाचा. चित्रात अचानक काही वेगळे दिसले, एखादी गाठ किंवा पुटी, तर ते कोण पाहणार आणि तुम्हाला कोण कळवणार. कारण संशोधनाची चित्रे प्रत्येक वेळी रेडिओलॉजिस्टच्या नजरेखालून जातातच असे नाही. तिची माहिती पुढे इतर संशोधकांना दिली जाणार असेल तर नाव काढल्यानंतर चेहराही पुसला जाणार का. कारण डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. आणि अभ्यासातून कधीही, कारण न देता, बाहेर पडण्याचा हक्क तुमच्याइतकाच तिलाही आहे का. तुमची सही म्हणजे परवानगी. तिचा होकार ही वेगळी गोष्ट आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा होकार स्वतंत्रपणे विचारला गेला पाहिजे. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. विज्ञानाला तिच्यावाचून थांबता येईल.

संशोधकांकडून तिच्यासाठी औषध किंवा उपचार मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, कारण हा अभ्यास त्यासाठी नाही. तिच्या गणितासाठी जे करायचे ते आजच सुरू करता येते. अमेरिकेतील अटलांटा येथे क्लेअर कोल्स आणि ज्युली केबल यांनी अशाच मुलांसाठी गणित शिकवण्याची एक पद्धत तयार केली, आणि अल्बर्टातील संशोधकांनीही ती तेथील मुलांवर वापरून पाहिली आहे. तिचा गाभा साधा आहे. मूल उत्तराकडे झेपावण्याआधी त्याला थांबवायचे, काय करायचे आहे ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे, मग करू द्यायचे, आणि शेवटी काय झाले ते पुन्हा पाहायचे. संख्यारेषा आडवी न आखता उभी आखायची, म्हणजे मोठी संख्या खरोखर वर दिसते. तुमच्या निदान करणाऱ्या पथकाला या पद्धतीविषयी नेमके विचारा. घरी तुम्ही पाढे मराठीत घेता की इंग्रजीत, हे तुम्ही लिहिलेले नाही; पण दोन्ही भाषांत घेत असाल तर सध्या शाळेच्या भाषेतच ठेवा, आणि मराठी तिच्या गाण्यांसाठी, आजीशी बोलण्यासाठी मोकळी राहू द्या. गाण्यांतून तिला आठवते, हे तुमच्या हातातले मोठे साधन आहे; पाढ्याला चाल लावून पाहिलीत का?

आता तिचा प्रश्न. "माझा मेंदू खराब आहे का?" याला नुसते "नाही गं, काही नाही झालेलं तुला" असे उत्तर देऊ नका. काहीतरी आहे हे तिला रोज वर्गात जाणवते, आणि आई खोटे बोलते आहे असे वाटले तर ती पुढचा प्रश्न विचारणार नाही. तिला तिच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगा. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना साधारण असे सांगतो: "तू पोटात असताना तुझ्या मेंदूपर्यंत दारू पोहोचली. त्यामुळे त्यातले काही रस्ते वेगळ्या तऱ्हेने बांधले गेले. म्हणून काही गोष्टी तुला इतरांपेक्षा जास्त वेळा शिकाव्या लागतात. ती तुझी चूक नाही. तुझा मेंदू खराब नाही, आणि तो अजून रस्ते बांधतोच आहे." जन्मदात्रीविषयी तिने विचारले तर एवढे पुरेसे आहे, की तिला दारू सोडणे फार अवघड जात होते आणि तिला कोणाची तरी मदत हवी होती. पुढचे प्रश्न काही वर्षांनी येतील, तेव्हा पुढची उत्तरे द्या.

स्कॅनचा विषयही तिच्याशी याच धाग्याने बोलता येईल. तुझ्यात काय बिघडले आहे ते शोधायला आपण चाललो नाही. तुझ्यासारख्या पुष्कळ मुलांचे मेंदू कसे वाढतात हे त्या लोकांना शिकायचे आहे आणि त्यासाठी त्यांना तुझी मदत हवी आहे, असे सांगा. ही तिची समजूत काढण्यासाठी रचलेली गोष्ट नाही. अभ्यासाचे हे अगदी अचूक वर्णन आहे. जिला सदैव मदत घ्यावी लागते त्या मुलीला मदत मागितली जाणे कसे वाटते, हे तुम्ही तिच्या चेहऱ्यावर पाहालच. अनेक ठिकाणी मुलांना त्यांच्या मेंदूचे एक चित्र छापून देतात. ते मिळाले तर तिच्या खोलीत लावायचे की नाही हे तिला ठरवू द्या, शाळेच्या फाइलमध्ये मात्र ते ठेवू नका, आणि त्याची एक प्रत सांगलीला आजीकडे पाठवायची असेल तर सोबत दोन ओळी तिनेच लिहाव्यात.